पहिली दोन मिनिटं

२४ जून, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. ६ जुलैला ओशकोशच्या स्टेडियमवर ड्रम कोअरच्या स्पर्धेची संध्याकाळ आहे. आठ पथकं. बिगुल, ढोल, झेंडे. दीडदीडशे पोरं फुटबॉलच्या मैदानावर चालत वाजवणार आणि परीक्षक नेहमीप्रमाणे चुकीचे गुण देणार. यंदा मी स्वतः गुण देणार आहे, या वहीत, प्रत्येक पथकाला. अधिकार आहे. चार उन्हाळे ब्लॅक रिव्हर हुसार्स या पथकात स्नेअर ढोल वाजवलाय. ८४ साली आम्ही बारावे आलो ते निव्वळ परीक्षकांमुळे.

शिवाय यंदा आमची मुलगी ब्रिन वाजवणार आहे. वय एकवीस, म्हणजे पथकातला शेवटचा उन्हाळा. बावीस पूर्ण झाली की घेत नाहीत.

संकल्प: तक्रार करायची नाही. ग्लेनिसला ८४ सालची गोष्ट सांगायची नाही. (एकतीस वर्षांच्या संसारात तिला ती पाठ झाली असावी.) वेळेवर पोचायचं.

२५ जून
रबरी पॅडवर सराव. सात मिनिटांत उजवं मनगट धरलं. परीक्षकाला स्वतः वाजवता आलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

२७ जून, गुरुवार
ब्रिन ढोलांच्या रांगेत नाही हे मी पूर्णपणे स्वीकारलं आहे. सहा वर्षांची असताना तिला मी काठ्या आणून दिल्या होत्या आणि तिने त्यांचा बाहुलीसाठी तंबू केला, हेही मी विसरलो आहे. ती मैदानाच्या पुढच्या कडेला उभी असते. त्या लोकांना चालायचं नसतं. मारिंबा वाजवते. लाकडी पट्ट्या, काठ्यांनी ठोकायच्या. ठीक आहे. निदान विजेची तार लावावी लागत नाही.

विजेच्या वाद्यांबद्दल माझा नियम पंधरा वर्षांचा आहे. मैदानावर विजेचा सूर निघाला की मी उठतो आणि बाहेर जातो. शांतपणे. हा निषेध आहे. अजून कोणी दखल घेतलेली नाही, पण अशा गोष्टींना वेळ लागतो.

३० जून, रविवार
ब्रिनचा फोन. इंडियानातल्या कुठल्याशा शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपतात. म्हणाली, "डॅड, अगदी पहिल्यापासून बघ हं. पहिल्या सेकंदापासून."
मी म्हटलं, तीन तास आधी येऊन बसतो की.
म्हणाली, "तसं नाही रे, ऐक ना..."
पुढचं नीट कळलं नाही, कारण माझ्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानात पाण्याच्या टाकीत बोटीचं इंजिन चालू होतं आणि ते बंद केलं असतं तर पुन्हा सुरू करायला अर्धा तास गेला असता. महत्त्वाचं असेल तर परत सांगेल. पोरीला माझ्या वक्तशीरपणाचं कौतुक आहे, हे मात्र कळलं.

४ जुलै
ड्वेन येतो म्हणाला. हा हुसार्समध्ये झांजा वाजवायचा. मे महिन्यात मोतीबिंदू काढलाय. म्हणाला, "तू कुरकुर करणार असशील तर मी मागच्या रांगेत बसतो." मी त्याला संकल्प सांगितला. इतका हसला की ब्राट सॉसेज हातातून गवतात पडला. उचलून खाल्ला.

६ जुलै, शनिवार
सकाळी ७. दुर्बीण पुसली. पेन्सिली चार. दुपारी दोनला निघणार.

दु. ३.४०. निघतोय. दोष माझा नाही. सुट्टीवर आलेला एक माणूस बंद पडलेलं इंजिन घेऊन आला. बिघाड दहा मिनिटांचा होता, पण त्याला हुसार्सबद्दल काहीच माहीत नव्हतं.

५.२५. पार्किंग. ही तक्रार नाही, नोंद आहे: अख्ख्या काउंटीत सगळ्यात लांब जागा. ग्लेनिस म्हणाली, "दोनला निघालो असतो तर..." मी रेडिओ लावला.

६.१५. पन्नास यार्डाच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या, रेघेवरच्या जागा गेल्या. आम्ही पस्तीसवर. माझ्यासमोर एक बाई, तिच्या डोक्यावर टोपी, टोपीवर सूर्यफूल. सूर्यफुलामागे नेमके ढोल येणार.

७.१०. पहिलं पथक. पोरं गुणी, गणवेश पोहण्याच्या तलावातल्यासारखे. डोक्याला टोपी नाही, टोपीला तुरा नाही. तुऱ्याशिवाय कवायत! ड्वेन म्हणाला, "सुरू झाला." मी काही बोललो नव्हतो. नुसता सुस्कारा टाकला होता.

७.३५. दुसऱ्या पथकाच्या मध्यात विजेचा सूर. उठलो. परतलो.

७.५०. तिसऱ्याच्या सुरुवातीला उठलो. तीच बाई, तीच टोपी, "पुन्हा?" म्हणाली. मी सांगितलं, मॅडम, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने खांदा बाजूला घेऊन वाट दिली, पण मनापासून नाही.

८.१०. चौथ्याचे ढोल उत्तम. वीसपैकी एकोणीस देत होतो. पेन्सिल बाकाखाली पडली. पंधरा दिले.

८.४२. ब्रिनचं पथक. सिल्व्हर प्रेअरी. पुढच्या कडेला ढकलगाड्या आणताहेत. स्पीकर, तारांची भेंडोळी. लक्षण ठीक नाही. सगळ्यांच्या तोंडाला एकच निळा रंग, कोण कोण आहे काय कळणार? ग्लेनिसने फोन काढला. मैदानाकडे रोखून धरलाय. अजून काही सुरूही झालेलं नाही.

८.४४. पहिलाच सूर विजेचा! एक लांबलचक घरघर. नियम म्हणजे नियम. पोटच्या पोरीच्या पथकालाही सूट नाही, यालाच नि:पक्षपातीपणा म्हणतात. उठताना ग्लेनिसने माझा शर्ट ओढला. फाटण्याइतका.

८.४६. चीज कर्ड्सची, म्हणजे तळलेल्या चीजच्या तुकड्यांची, रांग. तळणाऱ्या बाईंना म्हटलं, "ऐकताय ना? याला हल्ली संगीत म्हणतात. हे कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलेलं जुनं इंजिन आहे. पंचवीस हॉर्सपॉवरचं. मी पैजेवर सांगतो." त्या म्हणाल्या, "मला तर बाई गलबलून आलं. सॉस कुठला देऊ?"

८.५१. जागेवर. आता ढोल, म्हणजे आता खरं सुरू. ब्रिन सापडली! डावीकडून तिसरी मारिंबा. काय हात चालतोय! दुर्बिणीतून बघूनच ओळखली, आमच्या घरचं मनगट आहे. उभा राहून ओरडलो, "ब्रिन! शाब्बास, ब्रिन!" ग्लेनिसने मान खाली घातली.

८.५६. संपलं. ड्वेन डोळे पुसतोय. म्हणाला, "ती सुरुवातीची पोरगी, वेंडेल... एकटी. सगळं मैदान गप्प. मला माझा बाप आठवला." मी त्याला आठवण करून दिली की त्याचे डोळे अजून बरे व्हायचे आहेत. ग्लेनिसही रडतेय. तिला कर्ड्स पुढे केले. घेतले नाहीत.

७ जुलै, रविवार
काल स्पर्धा संपल्यावर पथकांच्या ट्रकपाशी गेलो. ते लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

ब्रिन आली. तोंड अर्धं निळं, अर्धं पुसलेलं. आईच्या गळ्यात पडली. मग मला विचारलं, "सुरुवात कशी वाटली?"
मी म्हटलं, "अप्रतिम!"
"कुठला भाग?"
"तो... ढोल आत येतात तो. आणि तुझी मारिंबा!"
"मी मारिंबावर नाहीये, डॅड. मे महिन्यापासून कीबोर्डवर आहे. सुरुवातीची दोन मिनिटं दहा सेकंदं मी एकटी वाजवते. मीच रचलीयेत ती."
मी म्हटलं, हो हो, तेच म्हणतोय मी, तेही छानच झालं.
ती म्हणाली, "एरवी बाकी सगळे मैदानभर फिरत असतात. आम्ही पुढचे तेवढे प्रेक्षकांकडे तोंड करून असतो. पहिल्या सुरावर उठलास तू. मी बघितलं."
चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. आधी कोणीतरी कल्पना द्यायला हवी होती, असं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण ती म्हणाली, "मला सामान चढवायचंय," आणि गेली.

गाडीत ग्लेनिस चाळीस मैल खिडकीबाहेर बघत होती. मी ट्रॅफिकबद्दल बोललो. ट्रॅफिक नव्हतं.

८ जुलै
ग्लेनिसला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, "तिला स्वतः सांगायचं होतं. तिने सांगितलं. दोनदा. दोन्ही वेळा तुझं इंजिन चालू होतं."
मग म्हणाली, "आणि ती घरघर कुठली होती माहितीये? मे महिन्यात ती फोन घेऊन तुझ्या दुकानात उभी होती बघ. तू म्हणालास, बाजूला हो, तेल उडेल. ते तुझंच इंजिन रेकॉर्ड केलं तिने. सावकाश करून, त्यातून सूर काढले. या उन्हाळ्यात तीन राज्यांतल्या लोकांनी तुझं दुकान ऐकलं, वेंडेल. तू कर्ड्स खात होतास."

नोंद: पंचवीस हॉर्सपॉवर हे मी बरोबर ओळखलं होतं. हे ग्लेनिसला सांगितलं. सांगायला नको होतं.

९ जुलै
इंटरनेटवर तो भाग शोधला. कुठे नाही. सगळ्यांनी नुसत्या ढोलांचे व्हिडिओ टाकलेत. लोकांना दुसरं काही ऐकायलाच नको असतं. एका ठिकाणी तसं कळवलं.

१० जुलै, बुधवार
निर्णय. शनिवारी सीडर रॅपिड्सला पथक आहे. पाच तासांचा रस्ता. जाणार. जागेवरून हलणार नाही, आग लागली तरी. ग्लेनिसला चल म्हटलं. म्हणाली, "तू एकटा जा. मी असले की तू माझ्याशी वाद घालतोस आणि तेवढ्यात काहीतरी होऊन जातं." मी यावर बराच वेळ वाद घातला.

दुकान दोन दिवस बंद. पाटी लावली. उन्हाळ्यात, शनिवारी. माझ्या बापाने मला वेड्यात काढलं असतं.

१३ जुलै, शनिवार
सकाळी ५.५०. निघालो. ठरल्यापेक्षा दहा मिनिटं आधी!

दु. ४.००. फाटक उघडलं. पन्नास यार्डाची रेघ. पहिली रांग. समोर टोपी नाही, सूर्यफूल नाही, काही नाही.

६.३०. सकाळपासून पाणी प्यायलो नाही, म्हणजे उठावं लागणार नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, कुठल्याशा पथकाचे जुने तुतारीवाले. पाय वळवून जाऊ द्याल का म्हणाले. मी उठणार नाही म्हटलं. ते माझ्या मांडीवरून गेले.

७.४०. विजेचे सूर आतापर्यंत चार वेळा. चारही वेळा बसून राहिलो. एक तर बरा होता.

८.१८. सिल्व्हर प्रेअरी. गाड्या आल्या. ब्रिन दिसली! उजवीकडे, स्पीकरांच्या मध्ये, तारांच्या गुंत्यात. तिने वर बघितलं. मी दोन्ही हात हलवले. तिने मान डोलावली. छातीत ढोल वाजतोय. पेन्सिल खाली ठेवली. आज गुण नाहीत.

८.२०. तुताऱ्या. एकदम तुताऱ्या, मग ढोल. चुकून झालं असेल.

८.३१. संपलं. घरघर आलीच नाही.

८.३५. अजून बसलोय. तुतारीवाले म्हणाले, "आता उठलात तरी चालेल, मध्यंतर आहे."

१४ जुलै, रविवार
काल ट्रकपाशी ब्रिनने लांबूनच बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "डॅड, मी तुला फोन करायला हवा होता. काढलं ते. मंगळवारी."
मी म्हटलं, काढलं म्हणजे?
"सुरुवात संथ आहे म्हणे. परीक्षक म्हणाले, लोक उठून जातात."
मी म्हटलं, लोक कोण? किती लोक? एखाददुसरा मूर्ख उठला म्हणून...
आणि थांबलो. ती हसायला लागली. पूर्ण हसली नाही.
"मग आता तू काय वाजवतेस?"
"शेवटाकडे तीन सूर. बाकी वेळ दुसऱ्यांचे आवाज सांभाळते. ऐकलेस का तीन सूर?"
"ऐकले."
"खरंच?"
"नाही. मी सुरुवातीची वाट बघत होतो."
तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. शर्टाला निळा रंग लागला. म्हणाली, "पाच तास गाडी चालवलीस?" मी म्हटलं, पावणेपाच. मग तिला हाक आली. जाताना म्हणाली, "मॉमने शूट केलंय ओशकोशचं. तिला माग. ती देणार नाही म्हणते, पण माग."

आज दुपारी मागितलं. ग्लेनिस म्हणाली, "बघू नकोस, वेंडेल." मी म्हटलं, माझा हक्क आहे. तिने फोन टेबलावर ठेवला आणि अंगणात टोमॅटोंना पाणी घालायला गेली. काल रात्री पाऊस पडून गेला होता.

दोन मिनिटं दहा सेकंदं. पूर्ण आहे. पहिली अडतीस सेकंदं माझी पाठ. मी उठतो, पेन्सिली गोळा करतो, दुर्बिणीचा पट्टा सोडवतो, एवढ्याला मला अडतीस सेकंदं लागतात. आवाज मोठा: "सरका. सरका जरा. झाली कटकट सुरू." मागून कोणीतरी, "ओ काका, खाली बसा ना!" मी त्याला काहीतरी सुनावतो. मी इतक्या मोठ्याने बोलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पाठ बाजूला होते. ग्लेनिसने जवळून घेतलंय. ब्रिन एकटी, मागे सगळं मैदान निश्चल उभं. दोन्ही हात वाद्यावर आहेत पण ती हातांकडे बघत नाहीये. वर बघतेय, प्रेक्षकांत. तिची मान हळूहळू डावीकडे वळत जाते. मी उतरलो तो जिना त्या बाजूला होता.

वाजवताना कुठे चुकत नाही.

आतापर्यंत अकरा वेळा बघितलं. मी गेल्यानंतर आवाज अगदी स्वच्छ आहे.