आठ इंचांचा पीळ

मौजे लिंबवाडी, परतूर
६ जानेवारी १९३५

रा. रा. पुंजाराम दाजी यांस धर्मराजचा सा. न. वि. वि.

काल शनिवारी सकाळी सात गोळ्या झाडल्या, त्यातली एकही जागेवर लागली नाही. हे मी एकटा म्हणत नाही. शाळेचे नरहर मास्तर बांधावर उभे होते. त्यांनी कागद काढून भोकं मोजली आणि खाली सही केली. साठ पावलांवर कागद होता. चार गोळ्या लागल्या, तीन कुठं गेल्या ते देवाला ठाऊक. लागलेल्या चारांपैकी तिन्हींची भोकं गोल नाहीत, खारकेच्या बीसारखी लांबट आहेत.

हे करायची वेळ का आली ते सांगतो. दुधनेच्या काठच्या शाळूत पंधरवड्यापासून एक एकटा डुक्कर शिरतो. मोठा आहे, सुळे बोटभर बाहेर. गेल्या सोमवारी चाळीस पावलांवर मिळाला. मी खांद्यामागं नेम धरला, धूळ उडाली हातभर बाजूला. डुक्कर उलटला आणि त्यानं आपल्या गुराख्याची, मच्छिंद्राची, मांडी फाडली. जालन्याच्या दवाखान्यात अकरा टाके पडले. डॉक्टरसाहेब म्हणाले, दोन बोटं अलीकडं लागलं असतं तर माणूस हाती लागला नसता. वाचला, हीच कृपा.

आता एकही बाई शेतात उतरायला तयार नाही. रथसप्तमीनंतर सोंगणी धरायची, शाळू डोक्याएवढा उभा आणि आत तो. गावात लोक बोलतात की नेम माझ्या वडिलांचा, नानांचा होता, तो नानांबरोबर गेला.  मी रायफल काढली की आई उठून आत जाते.

दाजी, नाना गेल्यावर रायफल तशीच पडून नळीला गंज चढला, ती तुम्ही नवी करून दिली. दिवाळीत तिनं बराबर मारलं, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या हातच्या कामावर बोट ठेवायला जीभ धजत नाही. पण विचारू तरी कोणाला?

आक्काला नमस्कार. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नये.

आपला
धर्मराज


हैदराबाद
११ जानेवारी १९३५

प्रिय धर्मराज यांस पुंजारामचा स. न. वि. वि.

मच्छिंद्र वाचला हे वाचून आधी हात जोडले, मग पत्र पुढं वाचलं. त्याला सांगा, लंगडत का होईना पण माझ्या हातचा चहा प्यायला एकदा हैदराबादला यायचंच आहे.

मास्तरांनी सही केली ते उत्तम. शिक्का मारायचा राहिला का? मारला असता तर कागद थेट कोर्टात चालला असता. थट्टा सोडा, त्या कागदानं मोठं काम केलं आहे. भोक लांबट पडलं याचा अर्थ गोळी टोकाकडून लागली नाही, हवेत कोलमडून आडवी लागली. तुमचा हात हलला असता तर भोक बाजूला पडलं असतं, पण गोल पडलं असतं. म्हणून गावाला खुशाल सांगा, दोष हाताचा नाही.

मग कशाचा? नळीच्या आत खाचा असतात आणि त्या पिळासारख्या फिरत जातात. त्यांच्यामुळं गोळी बाहेर पडताना भोवऱ्यासारखी गरगरते. गरगरते तोवर सरळ उभी राहते. बुटका भोवरा थोड्या फिरकीवर उभा राहतो, उंच भोवऱ्याला दोरी जोरात ओढावी लागते. गोळीचंही तसंच. एकाच मापाच्या नळीत गोळीचं वजन वाढलं की तिची लांबी वाढते, आणि लांब गोळीला पीळ जास्त घट्ट लागतो.

आता दोन कामं करा. रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करा. मग गजाला चिंधी घट्ट गुंडाळून तो नळीत घाला. मुठीजवळ शाईची खूण करा आणि सावकाश ओढा. गज आपोआप फिरेल. खूण पूर्ण फेरा घेऊन परत वर आली की गज किती इंच बाहेर आला ते मोजा. दुसरं, गोळी तीच आहे ना ते बघा. तुम्ही आषाढात लिहिलं होतं, वजन आठ मासे. त्या वजनाला चौदा इंचांत एक फेरा पुरतो, म्हणून मी चौदाचा पीळ कापला. आणि मास्तरांचा तो कागद पाठवा.

तोवर शाळूत पाऊल टाकू नका. तुमची आक्का हेच तीनदा लिहा म्हणत होती, मी एकदाच लिहितो.

लोभ आहेच, तो मागून घेत नाही.

पुंजाराम


मौजे लिंबवाडी
१५ जानेवारी १९३५

रा. रा. दाजी यांस सा. न. वि. वि.

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, गोड मानून घ्यावे.

तुम्ही सांगितलं तसं मोजलं. मास्तर पट्टी घेऊन आले. मापात चूक नको म्हणून तीनदा गज ओढला. तिन्ही वेळा चौदा इंच, केसभर कमी-जास्त नाही. गोळीचं विचारलंत, तर तीच आहे. नळीत बराबर बसते, मग दुसरी कशी असेल? आषाढात भालचंद्र सोनारानं त्याच्या काट्यावर तोलली, आठ मासे बिलकुल पक्के. सोनाराच्या काट्यात गुंजेची चूक होत नाही.

कागद सोबत घातला आहे. माझ्याकडून सगळं जागच्या जागी आहे. मंग चूक कुठं राहिली, ते तुम्हीच बघावं. काल संध्याकाळी डुक्कर विहिरीपर्यंत आल्ता. मच्छिंद्र खाटेवरून ओरडला तेव्हा गेला.

कळावे. नाराजीनं लिहिलेलं नाही.

धर्मराज


हैदराबाद
२० जानेवारी १९३५

चि. धर्मा यास सगुणाआक्काचे अ. उ. आ.

हे पत्र मी यांना न सांगता लिहून राह्यले. पोस्टात मीच टाकणार.

नाराजीनं लिहिलं नाही म्हणतोस, पण मला तुझा हात वळखू येतो रे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी यांनी ते दुकानाच्या मालकांना, उस्तादांना दाखवलं. लपवायचं यांच्या रक्तात न्हाई. उस्ताद शांतपणे म्हणाले, पुंजाराम, सबब सापडेपर्यंत पीळ कापायच्या यंत्राला हात लावायचा न्हाई, कानशी घासत बस. पंधरा वर्षं मुरलेला कारागीर दहा दिवस झाले कानशी घासून राह्यला. घरी येतो, जेवतो, तुझा कागद काढून बघत बसतो. तुला यातलं एक अक्षर कळू दिलं न्हाई, कारण मेव्हण्याला वाईट वाटंल.

काल मी तो कागद हातात घेतला. एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलंय. मला वाटलं मास्तरांनी पूजा केली का काय. मंग ध्यानात आलं. धर्मा, तू गोळ्या कुठल्या डबीतल्या झाडल्यास?

नाना दर दसऱ्याला काडतुसांची एक डबी देव्हाऱ्यात ठेवायचे आणि पुढच्या दसऱ्याला स्वतः उचलायचे. वर्षभर तिला कुणी शिवायचं न्हाई. म्हणजे आषाढात तू सोनाराकडं गेल्तास तेव्हा ती डबी देवापुढंच होती. आईनं तुला हात लावू दिला नसणार. तू ट्रंकेतली गोळी नेलीस. ट्रंकेतल्या गोळ्या नानांच्या हरणाच्या. मी लहानपणी दोन्ही खेळायला मागायचे आणि दोन्ही वेळा मार खायचे, म्हणून मला माहीत. देव्हाऱ्यातली लांब असायची.

आता जल्दी उठ आणि सोनाराकडं जा. मी रागावले न्हाई. रागावले असते तर इतकं लांब लिहिलं नसतं.

आईच्या पायावर डोकं. तुझ्यावर माया आहे म्हणून कान पिळते.

सगुणा


मौजे लिंबवाडी
२४ जानेवारी १९३५

रा. रा. पुंजाराम दाजी यांस धर्मराजचा सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखर साष्टांग.

आक्काचं म्हणणं खरं निघालं. भालचंद्र सोनारानं तोलून दिलं आहे. ट्रंकेतली गोळी आठ मासे. देव्हाऱ्यातली दहा मासे, सव्वापाच गुंजा. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर दुसरी बोटाच्या अर्ध्या पेरानं उंच आहे. दिवाळीत मी ट्रंकेतल्या झाडल्या होत्या. त्या सरळ गेल्या, कारण तुमचा पीळ त्यांच्यासाठीच होता आणि बराबर होता. डुकराच्या वेळी नानांची पुजलेली डबी काढली, म्हटलं आज त्यांचा हात पाठीशी असावा. दोन्ही गोळ्या एकाच नळीत बसतात म्हणजे एकच, हे मी धरून चाललो.

तुम्ही विचारलंत, गोळी तीच ना. मी छाती ठोकून हो म्हटलं. माझ्या हो म्हणण्यामुळं तुम्ही कानशी घासत राहिलात आणि मला एक शब्द लिहिला नाहीत. हे सगळं मी मास्तरांकडून स्वच्छ अक्षरात वेगळं लिहून घेतलं आहे, खाली माझी सही आणि सोनाराची. हा कागद उस्तादांना द्यावा. मास्तरांनी या खेपेला शाळेचा शिक्काही मारला आहे.

आता रायफलीचं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं. मी ती घेऊन येतो. परवान्याची नोंद परतूरला करून घेतली आहे.

मला ओवाळून टाकू नये, एवढंच मागणं.

धर्मराज


हैदराबाद
२८ जानेवारी १९३५

प्रिय धर्मराज यांस स. न. वि. वि.

उस्तादांनी तुमचा कागद दोनदा वाचून घेतला. शिक्का बघून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले की तुझा मेव्हणा भला माणूस आहे, चूक केली ती लिहून दिली, इतकं तर आमची गिऱ्हाइकं करत नाहीत. मला यंत्राकडं पाठवलं. तुमची नळी ते स्वतः बसवणार आणि पीळ मी कापणार असं ठरलं आहे. तुम्ही लिहून दिलंत त्याचे उपकार माझ्यावर आहेत. मला आता लाजवू नका.

कापलेला पीळ बदलता येत नाही, म्हणून नळी नवीच घालावी लागेल. निवड मात्र तुमची. हलकीच गोळी वापरायची असेल तर आहे ती नळी उत्तम आहे. पण हरणाची गोळी डुकराच्या खांद्याच्या चिवट कातड्यात फुटून जाते, आतपर्यंत पोचत नाही. जखमी डुक्कर म्हणजे काय ते मच्छिंद्राला विचारा. जड गोळीसाठी आमच्याकडं दोन पीळ आहेत, दहा इंचांचा आणि आठ इंचांचा. दहावर जड गोळी उभी राहील आणि हलकीही छान जाईल. पण थंडीच्या सकाळी, जड हवेत, तिच्या हाती फारशी फिरकी शिल्लक उरणार नाही. आठवर जड गोळी केव्हाही डगमगणार नाही, हलकी थोडी पसरेल. पीळ थोडा जास्त झाला तर निभतं, कमी पडला तर गोळी कोलमडते.

रायफल हरणासाठी की डुकरासाठी, एवढं तुम्ही ठरवा. बाकी मी बघतो.

स्टेशनावर घ्यायला येतो. आक्कानं मेथीची वडी करून ठेवली आहे. तुम्ही उशीर केलात तर मी जबाबदार नाही.

आहे तसाच राहू द्या आपला लोभ.

पुंजाराम


मौजे लिंबवाडी
१४ फेब्रुवारी १९३५

रा. रा. पुंजाराम दाजी आणि सौ. आक्का यांस धर्मराजचा सा. न. वि. वि.

डुक्कर पडला. मच्छिंद्रानं काठी टेकत जाऊन स्वतः खात्री केली आणि सुळे मोजले, सहा बोटं भरले. बुधवारी सकाळी ऊन नुकतं वर आलं होतं. पन्नास पावलांवर विहिरीच्या बाजूनं निघाला. एकच गोळी लागली, खांद्यामागं, जिथं बघत होतो तिथंच. दहा पावलं गेला आणि बसला.

त्याआधी सोमवारी कागदावर पाच झाडल्या होत्या. मास्तर होतेच. पाचही भोकं गोल, सगळी एका तळहाताखाली झाकली. आईला बोलावलं. ती रायफल बघून आत गेली नाही, पहिल्यांदाच. कागद हातात घेतला, एका भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं आणि म्हणाली, नानांची भोकं बी अशीच असायची. मग कागद घडी करून पदरात बांधून घेऊन गेली.

हैदराबादच्या त्या पाच दिवसांचं काय लिहू? मी दुकानात शिरलो तेव्हा मान वर होत नव्हती. तुम्ही उस्तादांना सांगितलंत की हा आमच्या घरचा माणूस, याच्यामुळं माझ्या कामाची परीक्षा झाली. कोणता पीळ, असं उस्तादांनी विचारलं तेव्हा मी आठ म्हणालो. हरणं मारायची हौस नानांची होती, मला नाही. मला गावच्या बायका शेतात उतरलेल्या बघायच्या होत्या. उस्तादांनी मान डोलावली आणि तुम्ही यंत्राला बसलात. आत खाच पडताना जो बारीक आवाज येत होता तो मला अजून ऐकू येतो. उस्तादांना माझा सलाम सांगा. सोबत शाळूच्या हुरड्याचं गाठोडं स्टेशनमास्तरांच्या हवाली केलं आहे, त्यातला अर्धा त्यांचा.

जुनी चौदाची नळी मी टाकली नाही. तिला तेल लावून, सोनारानं तोललेली हरणाची गोळी दोऱ्यानं बांधून ट्रंकेत ठेवली आहे. नानांच्या डबीत आता सात काडतुसं उरली. तिच्यावर मास्तरांकडून कागद चिकटवून घेतला: दहा मासे सव्वापाच गुंजा, पीळ आठ इंच. माझ्यामागून कोणी रायफल हातात घेतली तर त्याला कोणाला छाती ठोकून सांगावं लागणार नाही.

येत्या सोमवारी सोंगणी धरली आहे. द्वारकाबाईंनी, म्हणजे मच्छिंद्राच्या आईनं, आजच सगळ्या बायकांचे इळे गोळा करून धार लावायला पाठवले. पहिल्या ओळीत ती स्वतः उभी राहणार आहे.

आणि एक. डबी आईनं पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली, पंचवीस वर्षं होती त्याच जागी, खाली तो पाच भोकांचा कागद घडी करून. मी म्हटलं, आता दसऱ्याला मी उचलीन. आई म्हणाली, न्हाई, औंदा तो मान जावयाचा. आपल्या घरात आजवर हा मान जावयाला कधी गेल्ता असं कोणाला आठवत नाही. मी आईला विचारलं, लिहून कळवू का? ती म्हणाली, कळव, आणि दसऱ्याच्या चार दिवस आधीच या म्हणावं, गंगाफळाच्या पुऱ्या करणार हाय.

तेव्हा रजा आत्ताच मागून ठेवावी. स्टेशनावर गाडी घेऊन मी उभा असेन, आणि मच्छिंद्र तोवर काठीशिवाय.

आपला
धर्मराज