मेलेलं विरजण

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं. फक्त डोकं फिरलंय.

आमच्या प्रयोगशाळेत दह्याच्या विरजणाची भुकटी करतात. विरजण गोठवून त्यातला बर्फ हळूहळू उडवला की त्यातले जिवाणू जिवंत राहतात, पण दोन दिवस जातात. साहेबांना घाई. म्हणाले, "गरम हवेत वाळवा." तेही जमतं, पण हवा बेताचीच तापवावी लागते. त्यांनी स्वतः बटण फिरवून ती नको तितकी तापवली.

मी म्हटलं, "साहेब, सगळे मरतील."

"हे काय तुझ्या घरचं दही आहे?" म्हणाले.

भुकटी डेअरीत गेली आणि दही लागलंच नाही. हजार लिटर दूध वाया! मग साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला: हवा माझ्या चुकीने तापली, खाली सही कर. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सगळं पाहिलं होतं, तरी ती मान खाली घालून बसली. तिचा तर जास्तच राग आला.

मी ती ओळ खोडली, "हवा साहेबांनी माझ्यासमोर तापवली" असं लिहिलं आणि ठसठशीत सही ठोकली. तेव्हापासून मला बाटल्या धुवायला बसवलंय. पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी बोलावलंय.

बाबांना इतक्यात सांगू नकोस, त्यांचं बीपी वाढेल. तुझा गुडघा कसा आहे? धाकटीची परीक्षा झाली का?

आणि पत्र वाचल्या वाचल्या फोन करून "माफी मागून मोकळी हो" म्हणू नकोस. लहानपणापासून तुझं ऐकून मागत आले. या वेळी नाही मागणार.

तुझीच,
थोरली