रांगेच्या मधोमध

लाडके यूलान,

परवा तुझा टीव्हीवरचा कार्यक्रम आम्ही सगळ्याजणींनी आपल्या बायकांच्या मशिदीच्या स्वयंपाकघरात, पुऱ्या तळता तळता बघितला. "अगं बाई, मी किती जाडी दिसते!" म्हणून हाईकाकू खिदळल्या. तेवढ्यात तुझा आवाज आला, "चीनमधल्या या बायकांना पुढं उभं राहून नमाज पढवणारं कुणी नाही. त्या मुकाट उभ्या राहतात." आणि मागं ते रडकं संगीत! काकूंचा झारा कढईतच राहिला.

पोरी, बायकांची नमाज पढवणारी आहोंग पुढं नाही, रांगेच्या मधोमध उभी राहते, हे तुला मी सांगायचं? तुझ्या जन्माआधीपासून इथली नमाज मीच पढवते. लहानपणी माझ्या उजव्या हाताला, माझा रुमाल धरून तूच उभी असायचीस.

काल मोठ्या मशिदीचे कारभारी आले. "ताई, टीव्हीवालेच म्हणतात तुमच्याकडं कुणी नाही. मग बायकांची वेगळी मशीद कशाला? आमच्याकडं पडद्यामागचा कोपरा देतो."

"कोपरा तुमच्या चपलांना ठेवा," मी म्हटलं. बोलले खरी, पण शुक्रवारी मशिदीची किल्ली द्या म्हणून बजावून गेलेत.

तू खरं काय ते एकदा सांगितलंस, तर त्यांची तोंडं बंद होतील. पण हे पत्र टपालात टाकायला हात धजत नाही. वाचून तू रडशील, आणि रडणारी मुसलमान बाई दिसली की तुमच्याकडं लगेच कॅमेरा सुरू होतो.

उजवीकडची जागा तुझीच आहे.

तुझी आत्या,
शिउझन आहोंग