देवाची उजवी, आपली डावी

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर मी एवढं बिनधास्त लिहितेय. गावाहून कार्ड आलं की तू ते पोस्टमनकडून वाचून घ्यायचीस आणि वाचून झालं की त्यालाच ओरडायचीस, जशी काही गावची सगळी दुखणी त्यानेच लिहिली होती. मला तू चौथीपर्यंत शिकवलंस आणि मग पोळपाटाशी बसवलंस, त्यामुळे माझं अक्षर हे असं, माझ्या पहिल्या चपात्यांसारखं, एक मोठं, एक लहान. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. ती म्हणते, "आजी, तू फोनमध्ये बोल ना, तो आपोआप लिहितो." मी म्हटलं, फोनला माझ्या आईशी काय बोलायचंय? बघ, लिहायचं काय होतं आणि मी कुठे शिरले.

तर बातमी अशी की तुझ्या नातवाची नोकरी गेली. तू त्याला मांडीवर घेऊन तेल लावायचीस, तोच. आता त्याचे पुढचे केस गेलेत आणि त्याला तेरा वर्षांची मुलगी आहे. अंधेरीच्या त्या कारखान्यांच्या वसाहतीतच होता, पुठ्ठ्याचे खोके छापायच्या मशीनवर. शेटने मशीन उचललं आणि गुजरातला नेलं. माणसं इथेच ठेवली. मशीन जपून नेलं म्हणे, गाद्या लावून. नोकरी गेल्यावर अंधेरीचं भाडं काही झेपणार नाही, म्हणजे घरही सोडायचं. घर कुठे करायचं ते काम कुठे मिळतं त्यावर, आणि काम कुठे शोधायचं ते घर कुठे त्यावर. तुझा नातू दोन महिने ह्यातच गोल फिरतोय, घाण्याच्या बैलासारखा, फक्त तेल निघत नाही.

आणि सल्ले देणारे किती, आये! बिल्डिंगमधला एकेक माणूस, ज्याला स्वतःचा मुलगा विचारत नाही, तो जिन्यात थांबवून सांगतो, पुण्याला जा, बेंगळूरला जा. एकाने माहुलला खोली बघून दिली, स्वस्तात. मुलगा बघायला गेला आणि डोकं धरून परत आला. तेलाच्या कारखान्यांच्या कुशीत घर! सून म्हणाली, "कशी आहे खोली?" तो म्हणतो, "खोली झकास आहे, फक्त श्वास बाहेर जाऊन घ्यावा लागेल." मग दोघं नवराबायको फोन घेऊन बसतात. कुठल्या गावाची हवा कशी, शाळा कशी, पाणी कसं, त्याला लोकांनी तारे दिलेले असतात. मी विचारलं, हे तारे देणारे कोण? म्हणे, कोणीही देतं. कोणीही! मी भाजीवाल्याचं ऐकून वांगी घेत नाही, आणि हे कोणा कोणाचे तारे मोजून संसार हलवणार.

शेवटी दोनच जागा उरल्या, नाशिक आणि गाव. सून नाशिककडची. तिच्या भावाच्या तोंडात सारखं हवा, द्राक्षं, हवा, द्राक्षं. माणूस द्राक्षं खाऊन किती जगेल? आणि तिकडचा मासा म्हणजे मुंबईत मेलेला, तिकडे पोचेपर्यंत त्याचं वर्षश्राद्ध यायचं. सून स्वतः तर कशातही शेंगदाण्याचं कूट घालते. परवा सोलकढीकडे बघत होती, मी टोप उचलून बाजूला ठेवला. दुसरीकडे गावाहून माझा दीर, रोज फोन. पर्यटक येतात, घराच्या दोन खोल्या त्यांना देऊ, मुलगा खोल्या बघेल, सून जेवण करेल. ह्या दिराने आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही. पाहुणा आला की हा मागच्या दाराने काजूच्या बागेत. तो पर्यटक सांभाळणार! माझा मुलगा मात्र विरघळला. त्याला मे महिन्याचं गाव माहीत. जुलैतलं माहीत नाही, जेव्हा चादरीलाही बुरशी येते.

तेव्हा दीर म्हणाला, कौल लावूया. देव सांगेल.

आये, मी ते ऐकून एवढी हसले की नात पाणी घेऊन आली. मला बाबा आठवले. मिल बंद पडली, आपल्या लालबागच्या खाणावळीत जेवणारे एकेक करून उठून गेले, आणि बाबा म्हणाले, मी गावी जाऊन कौल घेतो. आठवतं ना? गेले, आणि काय कौल घेऊन आले, तर सगळ्यांनी गावी परत यायचं. गावचा देव दुसरं काय सांगणार? तो काय म्हणेल, अंधेरीला जा, पूर्वेला राहा, स्टेशनजवळ बघ? तू भात वेळून पेज काढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "देवाचो निवेद गुरव करता. तुमचा जेवाण मी करतंय. ता खय करूचा ता माका बघूंदेत." बाबा रागाने एकटेच गावी गेले. आणि गणपती व्हायच्या आत परत आले, येताना देवाचा नारळ घेऊन आले, जसं काही देवानेच त्यांना परत पाठवलं. तू तो नारळ फोडून सरळ आमटीत घातलास.

मधल्या काळात तू मला घेऊन खाणावळीला नवी जागा बघायला अंधेरीला गेलीस. दुपारची वेळ, कारखान्याच्या फाटकासमोर आपण दोघी उभ्या. जेवणाचा भोंगा झाला, माणसं बाहेर आली, आणि तू त्यांचे डबे बघत फिरतेस. लाज नाही, काही नाही. एकाचा डबा हातात घेऊन वास घेतलास आणि त्याला म्हणालीस, "ह्या कोणी शिजवल्यान? शत्रूच्या घरचो डबो दिसता." तो माणूस हसला आणि पुढे आपल्याकडे कितीतरी वर्षं जेवला. मी मात्र रडत होते. आजूबाजूला गवत, धूर, ओळखीचं एक तोंड नाही. मी म्हटलं, मी इथे राहणार नाही. तू म्हणालीस, "रडाक जागा बघूक लागता काय? खयंय रड." मला तू विचारलं नाहीस, आये. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. हे मी तुला अजून माफ केलेलं नाही, ते तेवढं लक्षात ठेव.

हां, तर कौल. सकाळी अंघोळी करून सगळे सोफ्यावर, फोन उशीला टेकवून उभा केलेला, त्याला कुंकू लावायचंच तेवढं बाकी. दीर तिकडे देवळात फोन धरून. फोन असा हलतो की देवाला चक्कर यावी. मुलगा बायकोला समजावतो, "बघ, मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्यात. जी आधी पडेल तो देवाचा शब्द." ती पदर डोक्यावर घेऊन बसलेली, हात असे आवळलेले. तिला नाशिक हवंय, माहेर जवळ, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबैत अडकलोहा. नाशकाक जावचा असात तर उजवी दी, घराक येवचा असात तर डावी दी..." इकडे माझा मुलगा पंख्याखाली बसून "व्हय म्हाराजा" म्हणतोय. शेजारणीने दार उघडून बघितलं.

आणि पाकळी पडली. पडली आणि फोन बंद. गावचं नेटवर्क.

सुनेचं तोंड पडलं. "डावी पडली," ती म्हणाली, आणि डोळ्यात पाणी. "ठीक आहे. देवाने गाव सांगितलं. जाऊ."

"डावी कुठे?" मुलगा मोठ्या शहाणपणाने म्हणतो. "अगं, आपली डावी ती देवाची उजवी. देव आपल्याकडे तोंड करून आहे ना. कौल देवाच्या बाजूने बघायचा असतो."

"म्हणजे नाशिक?"

 बोलल्यावर मुलाच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मग म्हणतो कसा, "पण फोनवर सगळं उलटं दिसतं."

"अहो, मग इतका वेळ गुरव उलटा होता का?"

नात उठली, दुसरा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, तिथून व्हिडिओ लावला आणि उजवा हात वर केला. "बाबा, हा कुठला दिसतो?" बाबा म्हणाला डावा, आई म्हणाली उजवा, आणि पोरगी आतून हसत सुटली. मग हे दोघं एकमेकांसमोर उभे राहून हात वर खाली करतायत. चाळीशीची माणसं! मी सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होते. एवढी मजा मला टीव्हीवरच्या एकाही मालिकेने दिली नाही.

संध्याकाळी गुरवाचा फोन लागला. तो म्हणाला, तुमचा फोन बंद झाला आणि लगेच दुसरी बाजूही पडली. आता देव म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे बघ, एवढा एक देवच निघाला ज्याला ह्या भानगडीत पडायचं नव्हतं. मला तो पहिल्यांदा जरा आवडला.

शेवटी ठरवलं ते सुनेच्या नोकरीने. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करते, हात हलका आहे तिचा, हे मी तिच्या तोंडावर बोलणार नाही. तिने गुपचूप नाशिकच्या एका लॅबला विचारलं होतं, त्यांनी ये म्हटलं. मुलाला काम नाही, पण तिला आहे, तर तिच्या मागे जायचं आणि तिकडे त्याने शोधायचं. मुलगा जरा घुश्श्यात होता. बाबांचा वाण, दुसरं काय.

आणि मग रविवारी जेवताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तू थोडे दिवस मुलुंडला मावशीकडे राहतेस का? आमचा जम बसला की न्यायला येतो."

मुलुंडची मावशी म्हणजे आपली धाकटी, आये. तिच्याकडे मासे गॅलरीत तळावे लागतात आणि पायपुसण्यावरही पाय ठेवायचा नाही, ते महाग आहे. पण प्रश्न मासळीचा नाही. जम बसला की नेतो, हे वाक्य मला माहीत आहे. आपल्या चाळीत किती म्हाताऱ्या ह्या वाक्यावर बसून राहिल्या, तू बघितल्यास. कोणाचा जम बसला नाही. आणि मी, जी दिवसभर सगळ्यांची सालं काढते, दिराची, सुनेच्या भावाची, फोनची, देवाची, ती मी काय म्हणाले माहितीये? "बरं." एवढंच. भाताचा घास हातात तसाच राहिला. माझी नात ताटात बघत होती. तू असतीस तर ताट सरकवलं असतंस.

तोंड उघडलं ते सुनेने. "मुलुंडला कशाला?" ती नवऱ्याला म्हणाली. "माझी ड्यूटी पहाटेची. तुम्ही कामासाठी फिरणार. पोरीला नवी शाळा, नवी गल्ली, दुपारी ती कुलपाच्या घरात येणार का? आई येणार. त्या नसतील तर मी लॅबला आत्ता नाही म्हणून कळवते."

"अगं, पण तिथे दोनच खोल्या..."

"मग तुम्ही राहा मावशींकडे."

नात एवढी हसली की तिला ठसका लागला. मुलाने मान खाली घालून कढी ओढून घेतली. आणि सून माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, एकच सांगते. तिकडे तुम्हाला रोज मासा मिळणार नाही. मग कटकट नको."

मी म्हटलं, "तू कूट आवर, मी कटकट आवरते."

आये, तिने असं म्हटलं असतं ना, की आई, तुमच्याशिवाय आम्हाला करमणार नाही, तर मी एक शब्द खरा मानला नसता. करमणं काय, आठवड्यात करमायला लागतं. पण दुपारी घर उघडायला माणूस लागतो, तो रोज लागतो. माझी गरज आहे म्हणून नेतात, म्हणजे नेतात. मी त्या रात्री अशी झोपले की सकाळी नातीने हलवून उठवलं.

पुढच्या आठवड्यात सामान जाईल. टेम्पोवाला मुलाने ठरवलाय, तो लबाड आहे हे मी त्याच्या मिशीवरूनच सांगितलं, पण माझं कोण ऐकतं. मुलुंडला फोन करून धाकटीला मी स्वतः सांगितलं, मला जमणार नाही यायला, तिकडे माझ्यावाचून अडतं. दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तिने विचारलंही नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तुझा पत्ता कोणाला माहीत, आणि वाचून दाखवायला पोस्टमन तरी कुठे येतो आता. वही नातीच्या रद्दीत परत ठेवीन.

एक मात्र तुला सांगते, घरात कोणाला माहीत नाही. नाशिकचं नाव ह्या घरात पहिल्यांदा निघालं, गाव, कौल, मुलुंड, काहीच ठरलं नव्हतं, मी ओट्याशी उभी राहून त्या गावाला नावं ठेवत होते, त्याच संध्याकाळी मी भाजीच्या निमित्ताने बाजारात गेले आणि स्वतःसाठी एक स्वेटर घेऊन आले. विटकरी रंगाचं. मुंबईत जन्मात कधी घातलं नाही. तिकडे थंडी असते म्हणे.