जागच्या जागी एकशे दहा

३ मार्च, सोमवार

आज ताशी एकशे दहा! आणि जागची तसूभर हलले नाही.

अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आलंय. असू दे. वाचणार कोण आहे!

नीट लिहिते. गाडी दोन वर्षं कव्हरखाली पडून होती. नवऱ्याने हट्टाने दुरुस्तीला काढली. गॅरेजवाल्याने पुढचा पत्रा, रेडिएटर सगळं बदललं, पण इंजिनाचा कॉम्प्युटर अपघातातच गेला होता. तसा आता मिळत नाही म्हणे. मग दुसऱ्या बनावटीचा बसवला — पण तो कोरा! किती वेगाला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, सगळं त्याला आपण शिकवायचं. ते शिकवायची जागा म्हणजे डायनो. जमिनीत जाडजूड रोलर, त्यांवर गाडीची मागची चाकं. पुढची चाकं नुसती जमिनीवर. गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी करकचून बांधलेली. इंजिन गरजतं, मागची चाकं रोलर फिरवतात, गाडी मात्र तिथेच.

गाडी नवऱ्याने नेली. मी मागून बसने गेले. गाडीत बसून दोन वर्षं झाली मला, कुणाच्याच.

डायनोचे मालक पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुणाची?" नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. (आगाऊ!) "मग मालकीणबाईंनी बसायचं. मी लॅपटॉपवर. गाडी कुठे जाणार नाहीये, घाबरायचंय काय त्यात?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सीटवर जाऊन बसले. कशी बसले, माझं मला ठाऊक नाही.

समोर भिंत. भिंतीपुढे टेबलाएवढा पंखा. रस्ता नाही, ट्रक नाही, शेजारची सीट रिकामी. पाय आपोआप खाली गेला.

आणि मला मजा आली! इथे लिहितानाही लाज वाटतेय.

५ मार्च, बुधवार

ताईचा फोन. मांडीतली धातूची पट्टी काढायची तारीख मिळाली — दहा एप्रिल. "न्यायचं तूच. तुझ्याच गाडीतून. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मी म्हटलं, टॅक्सी करू की. तर म्हणाली, "ठमे, टॅक्सी मलाही करता येते," आणि फोन ठेवून दिला.

दुकानात एका आजोबांना दुसऱ्याच कुणाचा चष्मा देऊन बसले. ते बिचारे म्हणाले, छान दिसतंय!

१० मार्च, सोमवार

दुकानाला सुट्टी, म्हणून सोमवार डायनोचा. मास्तरांनी आज लॅपटॉपच माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "दुसऱ्याने शिकवलेली गाडी दुसऱ्याचं ऐकते. तुम्हीच शिकवा." मी म्हटलं, मी चष्म्याचे नंबर काढते हो, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. "मग तर बरंच. फाजील आत्मविश्वास नसेल."

पडद्यावर एक मोठा तक्ता. आडवा इंजिनाचा वेग, उभा त्यावरचा भार. प्रत्येक चौकोनात एक आकडा — इतकं पेट्रोल. मास्तर रोलरला ब्रेक लावून गाडी एका वेगाला धरून ठेवतात. धुराच्या नळीतला सेन्सर सांगतो की पेट्रोल जास्त झालं की कमी. मी त्या चौकोनातला आकडा थोडा हलवायचा, थांबायचं, बघायचं, पुन्हा हलवायचा. मग पुढचा चौकोन. अगदी आमच्यासारखंच! 'हे बरं दिसतं का हे? आता?' फक्त गाडी उगाच हो म्हणत नाही.

तीन तासांत चाळीस चौकोन झाले. जेवायचं राहून गेलं. नवरा खुर्चीत घोरत होता.

१३ मार्च, गुरुवार

एकदाच लिहून टाकते. म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही म्हणा.

वळण होतं. ताई शेजारी बसून तिच्या शेजारणीची नक्कल करत होती. मी हसत होते. समोरून ट्रक आला, आमच्या बाजूला सरकलेला. बास. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही, एकदम हॉस्पिटलचं छत.

बाकीचं लोकांकडून कळलं. ट्रकवाला वेळेत आपल्या बाजूला गेला होता. म्हणजे मी नुसता ब्रेक दाबून सरळ राहिले असते तरी निभावलं असतं. पण गाडी वळली — ताईच्या बाजूला — आणि पुलाच्या कठड्यावर गेली. मला कपाळावर सहा टाके. ताईच्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आठ महिने अंथरूण. अजून जिना चढताना ती दर पायरीला थांबते.

मी स्वतःला वाचवलं आणि तिची बाजू पुढे केली. आठवत नाही, पण असंच झालं असणार, दुसरं काय! सगळे म्हणतात, अगं, त्या क्षणी कुणाला सुचतंय. बरोबर. त्या क्षणी सुचत नाही, म्हणूनच आत जे असतं ते बाहेर येतं. माझ्या आत हे होतं.

ताईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही कधी. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

आज ठिणगीचा तक्ता. हे जास्त नाजूक काम. ठिणगी लवकर टाकली की जोर वाढतो, पण फार लवकर टाकली की इंजिन आतून खडखडतं आणि वेळेत आवरलं नाही तर मोडतं. मास्तरांनी कानाला हेडफोन दिला, त्याची वायर थेट इंजिनाला. "डब्यात खडे हलवल्यासारखं आलं की पाय उचला."

आलं! मिनिटाला बत्तीसशे फेऱ्यांना, बारीकसं. मी पाय उचलला, ठिणगी दोन अंश मागे घेतली. पुन्हा चालवली — गायब. मास्तर म्हणाले, "कान चांगला आहे." मी शाळेतल्या मुलीसारखी लाजले, या वयात!

शेवटी पूर्ण जोर लावून पाहिला. पडद्यावर रेघ चढत गेली, कुठेही खड्डा नाही. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मास्तर पट्टे सोडायला लागले आणि म्हणाले, "झालं. आता हिला शिकवायचं काही उरलं नाही. न्या आणि चालवा."

बस लवकर आहे म्हणून निघाले. बस लवकर नव्हती.

१९ मार्च, बुधवार

एक वाईट काम केलंय. उद्या लिहीन.

२० मार्च, गुरुवार

मास्तरांनी तक्ता घरच्या लॅपटॉपवरही टाकून दिला होता. काल तो गाडीला जोडला आणि तीन हजार फेऱ्यांच्या उभ्या रांगेतल्या आठ चौकोनांत पेट्रोल वाढवून ठेवलं. मुद्दाम. मीच तीन तास घासून बसवलेले आकडे!

आज नवरा ऑफिसातून आला तो वैतागलेला. "गाडी उचक्या देतेय ग. काळा धूर पण."

मी चेहरा होईल तितका गंभीर केला. "मास्तरांकडे न्यायला लागणार, दुसरं काय."

२४ मार्च, सोमवार

वीस मिनिटांत दोष शोधला. (मीच लपवलेला, मला नाही तर कुणाला सापडणार!) मास्तर म्हणाले, शाबास. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मग उरलेला वेळ नुसती चालवली. ऐंशी, शंभर, एकशे दहा. पंख्याचा वारा, समोर भिंत. कुणाला काही होत नाही. मला इथेच राहायला दिलं तर मी राहीन.

ताईचा निरोप आला होता: सतरा दिवस उरले. उत्तर दिलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

पुन्हा केलं. या वेळी अकरा चौकोन.

३१ मार्च, सोमवार

चोरी पकडली गेली.

मास्तरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एका बाजूला त्यांनी जपून ठेवलेला तक्ता, दुसऱ्या बाजूला आजचा. अकरा चौकोन लाल. "बाई, गाडी आपणहून आकडे बदलत नाही."

मी आधी चिडले! म्हटलं, माझी गाडी आहे, मी काहीही करीन. मग आवाज फुटला आणि रडू आलं ते थांबेचना. नवरा चहा आणायला गेला होता, नशीब. सगळं सांगितलं. ट्रक, कठडा, ताई, दहा तारीख. रस्त्याच्या नुसत्या विचाराने पाय थिजतो, इथे थिजत नाही, म्हणून इथे यायला कारण हवं होतं.

मास्तर हात पुसत म्हणाले, "पेट्रोल वाढवलंत म्हणून वाचलात. कमी केलं असतंत तर पिस्टनला भोक पडलं असतं." मी म्हटलं, तेवढं कळतं मला. तेव्हा हसले. "इथे बसायला इंजिन कशाला छळायचं? नुसतं या म्हणून सांगायचं." आणि मग म्हणाले, "बहिणीला आणा. आधी इथे बसू दे तुमच्या शेजारी. बांधलेल्या गाडीत. मग बघू रस्त्याचं."

बरं म्हटलं. त्या माणसाला नाही म्हणता येत नाही मला.

घरी आल्यावर नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं याला! दोनदा उचक्या खात ऑफिसला गेला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

ताईला फोन केला. मला वाटलं उडी मारेल. तर म्हणाली, "बांधलेली म्हणजे... पक्की बांधलेली ना?"

मी म्हटलं, अगं, तूच ना माझ्या गाडीतून जायचं म्हणून डोक्यावर बसलीस?

"येते म्हटलं ना. येते."

तिलाही भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येईल! दोन वर्षं मी माझ्या एकटीचंच घेऊन बसलेय.

६ एप्रिल, रविवार

सगळे चौकोन दोनदा तपासले. एकही हलवला नाही.

७ एप्रिल, सोमवार

ताई बसली. सीटबेल्ट स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला. मी सावकाश नेली. चाळीस. साठ. ऐंशी. ताई भिंतीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. नव्वदला मास्तरांनी रोलरचा ब्रेक वाढवला, इंजिन एकदम गरजलं — आणि शेजारून ताईचा हात आला. झपकन. तिने स्टिअरिंग धरलं आणि जिवाच्या आकांताने स्वतःकडे ओढलं.

पुढची चाकं जमिनीवर करकरत वळली. गाडी तिथेच. मी पाय उचलला.

तिचा हात अजून स्टिअरिंगवर होता. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.

"तेव्हाही मीच, ठमे," ताई म्हणाली. "दोन वर्षं जीभ रेटली नाही. म्हटलं, तुझ्या शेजारी बसेन, मग तरी सांगेन."

राग कदाचित उद्या येईल. खूप येईल. आज मी फक्त तिचा हात सोडवून माझ्या हातात घेतला. बर्फासारखा गार होता. ती रडत होती, मीही रडत होते.

मास्तर धावत आले, "काय झालं? करू का बंद?"

"पट्टे सोडा," मी म्हटलं. "घरी मी नेते."

ताई बसून राहिली.