निळी घोडी

ती. आबांना बडोद्याहून हर्षाचा नमस्कार.

मी बरी आहे, डबाही चांगला मिळतो. तुमच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

काल चित्रांच्या प्रदर्शनात एका चित्रापुढून पाय निघेना. लांबच लांब मानेची निळी घोडी आणि शेजारी हिरव्या चेहऱ्याचा माणूस. त्याला तोंडच काढलेलं नाही. लोक म्हणत होते, किती एकटा आहे. मग मला दिसलं, घोडीचा एक कान त्याच्याकडे वळलेला आहे. अंगावर काटा आला, आबा.

लकव्यानं तुमचं बोलणं गेलं. आई फोनवर काळजीनं सांगते, "दिनभर घोडीजोडे बठेल ऱ्हातस." बसा खुशाल आपल्या घोडीजवळ.

सारंगखेड्याच्या यात्रेला मी येते. बोलायचा त्रास घेऊ नका. मीही कान वळवून बसेन.

तुमची,
हर्षा