तापातली पेज

आई,

मी तुझ्यावर चिडले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की आता घरात तुझ्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. सगळे चांगलंच बोलतात, आणि मी चिडले आहे ती त्या चांगल्यावरच. "लई गुणाची बाई. परमुलखातून आलती, पर कधी तोंड वर करून बोलली न्हाय." हे आत्याचं वाक्य. लग्नात, बारशाला, कुणी पाव्हणं आलं की चहाबरोबर ती हे वाक्य ठेवते. लहानपणी ते ऐकताना मला अभिमान वाटायचा. आता ते ऐकलं की अंगाची आग होते, कारण ते आता तुझ्यासाठी बोललं जातच नाही. ते वहिनीला ऐकवलं जातं.

वहिनीचं तुला काहीच माहीत नाही. दादा पुण्याजवळ एका कंपनीत कामाला होता, तिथंच तीही कामाला होती. ती ओडिशाची, समुद्राजवळच्या गावातली. दोघांनी लग्न केलं, आणि हा पावसाळा संपता संपता दादा नोकरी सोडून तिला घेऊन घरी आला. घराच्या मागं त्यानं खव्याची भट्टी घातली आहे, दोन म्हशींच्या चार झाल्या आहेत. मी धाराशिवला असते. पदवी झाली, आता एका शिकवणी वर्गात शिकवते, आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं भूमला उतरून गावी येते. म्हणजे वहिनीचं रुळणं मी आठवड्याला एकदा बघते, आणि प्रत्येक वेळी मला ती थोडी कमी झालेली दिसते. तू कोकणातून, पश्चिमेच्या समुद्राकडून आलीस, ती पूर्वेच्या. मधे आमचं हे कोरडं रान, आणि त्यात आत्याची चूल.

तिची गोष्ट एवढीच होती. ती रात्री उरलेल्या भातात पाणी घालून तो मडक्यात ठेवायची आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायची. तिच्याकडे सगळे तसंच खातात. गारव्याला म्हणून तिनं ते मडकं गोठ्याच्या भिंतीशी ठेवलं. पहिल्या दिवशी आत्यानं ते उचललं आणि म्हशीच्या आंबोणाच्या बादलीत ओतलं. ती चूक होती, मी मानते. आमच्याकडे गोठ्याच्या भिंतीशी ठेवलेला पाण्यातला भात म्हणजे जनावराचाच, दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येणार नाही. वहिनीनं सांगितलं, "आत्या, वो मेरा होता." आत्या पदर तोंडाला लावून हसली. "अगं, शिळंपाकं कशाला खातीस? उपाशी ठिवतो का आमी तुला?" दुसऱ्या आठवड्यात भात पुन्हा बादलीत. ती चूक नव्हती. नंतर मडकंच दिसेना, आणि परवापरवापर्यंत वहिनी सकाळी चहात भाकरी बुडवून गिळायची. गिळायचीच. तिचा घसा मी बघितला आहे. "हुईल सवय," आत्या म्हणायची. "हिची सासू भात खानारी, तिला तरी कुठं येत हुती भाकरी? सहा म्हयन्यात तव्यावर टाकली की टम्म फुगाय लागली."

तुझ्या सहा महिन्यांचं माप आहे आई आमच्या घरात. शेर-पायलीसारखं. त्यानं आता दुसऱ्या बाईला मोजतात.

यंदा येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मी सुट्टी काढून आले. तुला येळवस आवडायची. गाव रिकामं होतं, सगळं माणूस रानात. कडब्याची कोप, आत पांडवांचे पाच दगड, चुना लावलेले, आणि डोक्यावरून आणलेलं ताक-ज्वारीच्या आंबिलाचं मडकं. मला तू दिसतेस. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढून झाली आहे, पंगत उठली आहे, आणि तू कोपीच्या मागच्या अंगाला एकटी उभी आहेस. हातात तांब्या. तू डोळे मिटून आंबील पितेस, तांब्या खाली करत नाहीस, संपला की पुन्हा भरून आणतेस. मी तुझ्या लुगड्याला धरून विचारते, "आई, तहान लागली?" तू मान हलवतेस. ते हो होतं की नाही, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

यंदा चिंचेखाली पंगत बसली होती. अण्णांच्या एसटी डेपोतले, त्यांच्याबरोबरचे जुने ड्रायव्हर आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या. आत्यानं वहिनीच्या हातात आंबिलाचा गिलास दिला. वहिनीनं एक घोट घेतला आणि थांबली. गिलासात बघितलं. मग एका दमात संपवला आणि पुढं केला. पुन्हा संपवला, पुन्हा पुढं केला.

"बगा गं!" आत्या हरखून गेली. "आमचं आंबील मानवलं हिला."

"रुळली म्हनायची मग," एक बाई म्हणाल्या.

"रुळंल न्हाय तर काय. हिची सासू बी अशीच परमुलखातून आलती, पर कधी तोंड वर करून..."

मला ते वाक्य पुरं ऐकवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, हे आंबील कधी केलं तुम्ही?"

"काल. येळवशीचं आंबील आदल्या दिशीच करत्यात, तुला काय ठावं न्हाय?"

"मडक्यात ठेवलं? रात्रभर आंबवलं?"

"मग? आंबल्याबिगर आंबील कसलं?"

"मग वहिनीचा भातसुद्धा आदल्या रात्रीचाच असतो. मडक्यातलाच, आंबवलेलाच. आपलं आंबलेलं डोक्यावर घेऊन देवापुढं न्यायचं, आणि तिचं म्हशीला घालायचं?"

 अण्णा पत्रावळीतल्या भज्जीकडे बघत राहिले. दादा हळूच म्हणाला, "आजच काढायचं हुतं का तुला हे? मानसं बसल्यात." मी थांबले नाही. तुला माहीत आहे, कॉलेजात मी वक्तृत्वात पहिली यायचे. नाही, तुला माहीत नाही. तर मी सगळं काढलं, तुझी भाकरी, तुझं गप्प बसणं, बाईनं किती वाकायचं ते. आत्याचे हात वाढता वाढता तसेच राहिले. ती म्हणाली, "तुजी माय कधी असं म्हनली न्हाय."

"म्हणूनच!" मी ओरडले. "म्हणूनच!"

"कालिजात हेच शिकिवत्यात व्हय?"

आणि तेवढ्यात वहिनीनं गिलास खाली ठेवला. मला वाटलं, ती रडणार. मी तिच्याजवळ सरकायलासुद्धा लागले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही थांबा. मला बोलता येतो." मग आत्याकडे वळली. "आत्या, भात माझा. म्हशीचा नाही. मी दोन बार बोलली, तुम्ही हसली. आता हसायचा नाही."

आत्यानं पळी आंबिलाच्या मडक्यात ठेवली.  मग म्हणाली, "अगं पर ती बारकी म्हैस आटत आलती, तुज्या भातानं पुन्ना दुधाला लागली. तिला आता काय सांगू?"

सगळी पंगत हसली. वहिनी हसली नाही. "तिला वेगळा शिजवते," ती म्हणाली. "माझा माझा."

एवढंच झालं. आत्यानं "बरं बाई" म्हटलं, वाढायला पुढं गेली, आणि ड्रायव्हर लोक ऊसतोडीच्या गाड्यांनी रस्ता कसा अडतो त्यावर बोलायला लागले. आणि मी तिथं बसून चिडलेलीच होते, पण आता आत्यावर नाही. तुझ्यावर. चार वाक्यं, आई. मोडकी, लिंग-वचनाचा पत्ता नसलेली चार वाक्यं, सगळ्यांच्या देखत. तुझी मराठी तर कितीतरी चांगली होती. तुझ्याकडे वर्षंच्या वर्षं होती. मग तू का नाही म्हणालीस?

तुला बोलता येत होतं, हे मला ठाऊक आहे. किराणा दुकानाबाहेरच्या लाल फोनवर तू मामाशी बोलायचीस तेव्हा मी शेजारी उभी असायचे. रुपया टाकला की तुझा आवाजच बदलायचा. "कसो आसस रे? आवशीचो गुडघो बरो आसा मां?" तू खळखळून हसायचीस, हात हलवायचीस, मामाला दटावायचीस. ती बाई कोण होती? फोन ठेवला की ती कुठं जायची? घराच्या उंबऱ्यापाशी येईपर्यंत तू पुन्हा आमच्यातली व्हायचीस, पदर सावरून, "व्हय" म्हणणारी. एकदा आत्या तुझ्या भाताच्या खाण्यावरून काहीतरी लागट बोलली, आणि मी, तिसरीतली मी, म्हणाले, "मग खाऊ द्या की आईला." तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "मोठ्यांच्या तोंडाला लागायचं न्हाय." आमच्याच बोलीत. मारायलासुद्धा तू तुझी भाषा वापरली नाहीस.

आणि पेज. त्या दिवशी रानात बसल्या बसल्या मला पेज आठवली, आणि जे कळलं ते अजून सोसत नाही. आमच्या घरात पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणसानं पेज मागितली तर आत्या कपाळाला हात लावून बघणार. मामा डेपोतल्या ड्रायव्हरांच्या हातून, या गाडीवरून त्या गाडीवर, उकड्या तांदळाची पिशवी पाठवायचा, आणि तू ती डब्यात तळाशी ठेवायचीस. आम्हाला ताप आला की तो डबा उघडायचा. चुलीवर पेज रटरटायची, तू माझं डोकं मांडीवर घ्यायचीस, चमच्यानं भरवायचीस. एक मला, एक तुला. मी दोन-चार चमच्यांनंतर मान फिरवायचे आणि उरलेली सगळी तू संपवायचीस, वाटी पुसून. त्या वेळचा तुझा चेहरा मला माया म्हणून आठवतो. ती माया होतीच. पण तू भुकेलीही होतीस ना? ताप आमच्या अंगात, आणि जेवण तुझं. तू आमच्या तापाची वाट बघायचीस का गं? हा प्रश्न कुठल्याही मुलीनं आईला विचारू नये, असला आहे. मी विचारते. तो विचारायची वेळ माझ्यावर तूच आणलीस.

संध्याकाळी कोप उतरवून आम्ही घरी निघालो तेव्हा मी अण्णांच्या बरोबरीनं चालत होते. विचारलं, "आईला पेज आवडायची, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तर," ते म्हणाले. "तिकडं डेपोला हुतो तवा मीच खायचो की तिच्या घरी. मीठ घालून, संगं खारातली कैरी. लई ग्वाड लागायची."

"आणि भाकरी? तुम्हाला भाकरी कुठं मिळायची तिकडे?"

ते जरा हसले. "तुज्या आजीनं माज्यासाठी जवारी मागिवली हुती. कोल्हापूरच्या गाडीनं. तिला काय येती थापायला? तुटकी-फुटकी करायची, पर करायची बिचारी."

मी रस्त्यातच उभी राहिले. "आणि इथं? आईला?"

अण्णांनी खांद्यावरची कडब्याची पेंढी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "इथं तशी पद्धत न्हवती."

एका नोकरीला आलेल्या परक्या माणसासाठी तुझ्या आईनं ज्वारी मागवली. तू त्याच माणसाच्या घरात जन्म काढलास आणि मूठभर तांदूळ आजारपणाच्या नावाखाली शिजवलास. अण्णा वाईट नाहीत. आत्याही वाईट नाही, हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. ते सगळे चांगले आहेत आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. तू सांगितलं नाहीस. मुलीला शिकवा म्हणून अण्णांपुढं हट्ट धरून बसलीस, माझ्या शाळेसाठी भांडलीस, तेव्हा तोंड होतं. स्वतःच्या वाटीपुरतं तेवढं नव्हतं. लोक याला त्याग म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्या त्यागाचं माप करून पुढच्या बाईच्या डोक्यावर ठेवता येतं, तो मला नको.

हे पत्र मी घरीच लिहिते आहे, चुलीजवळ. पाठवायला पत्ता नाही, आणि मोठ्यानं वाचावं तर आत्या इथंच भाकरी बडवते आहे. सकाळी वहिनीनं मडकं उघडलं. आता ते फळीवर असतं, आत्याच्या आंबिलाच्या मडक्याशेजारी. ती वाटी घेऊन बसली, आणि मीही हक्कानं तिच्या पंगतीला बसले, आता आपण दोघी मिळून खाणार म्हणून. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. आंबट, गार, आणि भात बोटांतून निसटतो. तिसरा मला गेला नाही. वहिनी बघत होती. "ताई, राहू दे," ती म्हणाली आणि माझी वाटी स्वतःकडे ओढून घेतली. मी आत्याला म्हणाले, "एक भाकरी द्या." आत्या इतकी हसली, की तव्यावरची करपली.

तेव्हापासून मी आठवायचा प्रयत्न करते आहे. तुझी पेज मला आवडायची का? आवडायची असं मी आयुष्यभर सांगत आले, कॉलेजात मैत्रिणींनासुद्धा. पण मी ती तापाशिवाय कधी खाल्लीच नाही, आई. तोंडाला चव नसायची. ती कशी लागते, ते मला माहीत नाही.